दिवा लागेपर्यंत

सोमवार, ५ तारीख
आज झेरॉक्सच्या दुकानात ती म्हणाली, रविवारपर्यंत एक दिवा लावून दाखव, मग तुझ्या ॲपला मी जोडीदार. बस! त्या क्षणी आयुष्य बदललं. ॲप म्हणजे लॉजिकची कोडी, पण आत शिरून सोडवायची. डोळ्यांवर व्हीआर हेडसेट चढवायचा, समोर बटणं, तारा. बरोबर जोडलं की दिवा. कॉलेज अर्धवट सोडलं तेव्हा हसणारे आता बघतील. पहिल्या कोड्याचा प्रोग्रॅम तयार आहे. लॅपटॉपवर फक्त सेटअप करायचा. किरकोळ काम. प्रोजेक्टचं फोल्डर केलं. नाव काय द्यायचं, विचारसुद्धा करावा लागला नाही.

मंगळवार, ६
सेटअप झाला. चालवला. लाल ओळ. नेट स्लो असणार. सगळं काढून परत टाकतो.
ताई डोकावली. म्हणे, त्या लाल ओळीत काय लिहिलंय ते वाच तरी. म्हटलं, एरर नवशिके वाचतात.

बुधवार, ७
परत टाकलं. परत लाल. नवीन व्हर्जन टाकलं तर हेडसेट रुसतो, जुनं टाकलं तर लॅपटॉप. संकल्प: चिडायचं नाही.

बुधवारीच, नंतर
माउस फुटला. क्वालिटीच नव्हती.

शुक्रवार, ९
अख्खा लॅपटॉप फॉरमॅट केला. तिचं फोल्डर तेवढं पेनड्राइव्हवर जिवापाड जपलं आणि जसंच्या तसं परत आणलं. लाल!!
बाबा म्हणाले, एवढ्या वेळात लोक घर बांधतात. जेवलो नाही. आईने दुसऱ्यांदा विचारलंच नाही.

शनिवार, १०
सॉफ्टवेअरवाल्यांना कडक मेल टाकली. उत्तर: कृपया एरर वाचावा. उर्मट मेले.
तिला कळवलं, नव्याण्णव टक्के झालंय. ती म्हणाली, वा, मग उद्या घरीच येते.

रविवार, ११
जिन्यावर बसून फोनवर लिहितोय.
ती आली, बसली आणि पहिल्यांदा लाल ओळ वाचली. मोठ्याने. फोल्डरच्या नावात फक्त इंग्रजी अक्षरं चालतील. मग तिने नाव पाहिलं. मराठीत होतं. तिचंच. पुढे बदाम.
ताईने खिडकीबाहेर बघायचं नाटक केलं. तिने नाव पुसलं, ‘टेस्ट वन’ लिहिलं. झटक्यात चाललं! हेडसेट घालून ओरडली, लागला दिवा!
मी म्हटलं, मग, जोडी पक्की? हेडसेट न काढताच म्हणाली, अरे, तुझंच कोडं बघ ना, दोन्ही बटणं चालू असली तरच दिवा लागतो. एकच कितीही जोरात दाबून काय उपयोग? शिवाय मला लाल ओळ वाचणारं माणूस हवंय. ताई, तुम्ही येता का जोडीला?
ताई म्हणाली, आधी तो डबा मला घालून बघू दे.
अपमानालाही मर्यादा असते. ताडकन उठलो, मागे वळूनही न पाहता बाहेर पडलो आणि दार धाडकन लावून घेतलं. घर माझंच होतं.