उभ्यानं घेतलेलं माप

दि. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. अठ्ठावीस एप्रिलला तुम्ही दोघं कायमचे लेकीकडे परदेशी निघालात हे वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. अक्षर तुझंच होतं, कोंबडीचे पाय उमटावेत तसं. म्हणजे खरंच चाललास.

छप्पन्न वर्षांचा घोडा झालास तरी माझ्या लेखी तू शाळेतून पाटी हरवून येणारा धाकटाच. म्हणून जाण्याआधी काय काय करायचं याची यादी मीच पाठवतेय. रागावू नकोस. रागावलास तरी पाठवतेय. वीज-पाण्याची खाती बंद कर. पोस्टात नवा पत्ता लिहून दे. दातांच्या डॉक्टरकडे एकदा जाऊन ये, दाढ दुखली की तू किती छळतोस हे जावयाला अजून माहीत नाही. शेजाऱ्यांची शिडी परत कर. ती तुझी नाही, दहा वर्षांपूर्वी मागून आणलेली आहे. आईबाबांचा फोटो पेटीत टाकू नकोस, हातातल्या पिशवीत ठेव. आणि कुणाशी काही वाकडं वागला असशील, तर समोर जाऊन बोलून मोकळा हो. माणूस देश सोडतो तेव्हा मागे असलं काही ठेवू नये.

आता माझं काम. एकतीस वर्षं माझ्या पायातले जोडे तू केलेस. या आखूड डाव्या पायाला तुझ्यामागे कोण वाली? आमच्या चौकात एक कारागीर बसू लागलाय, हात बरा वाटतो. तेव्हा माझ्या पायांचे लाकडी साचे आणि तुझ्या हातचा एक शेवटचा जोड पाठवून दे.

वहिनीला सांग, पेट्या भरताना तुझं ऐकू नकोस म्हणावं. लोभ आहेच, तो सामानात विसरू नकोस.

तुझी,
ताई


दि. ११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

यादी मिळाली. शिडी परत केली. शेजाऱ्यांनी ती ओळखलीच नाही, उलट माझे आभार मानले, त्यामुळे आणखीच ओशाळलो. दाढ काढून टाकली. हिनं पाच पेट्या भरल्या आणि चार पुन्हा रिकाम्या केल्या.

दुकानाचं जड जातंय. भिंतीवर गिऱ्हाइकांच्या पायांचे दोनशेच्या वर साचे टांगलेले आहेत. ज्याचे त्याला परत द्यायचे म्हणून रोज निरोप धाडतोय. एकवीस एप्रिलला सगळ्यांना शेवटच्या भेटीसाठी दुकानात बोलावलंय. काल एक निवृत्त पोस्टमन आला, स्वतःचे लाकडी पाय हातात घेऊन बराच वेळ बसला आणि म्हणाला की माझे पाय एवढे वाकडे आहेत हे बायकोला दाखवू नका. तसाच पिशवीत घालून घेऊन गेला. नवा मालक हातमोजे विकणार आहे, त्याला भिंत मोकळी हवी.

तुझा जोड करायला घेतलाय. साचेही पाठवतो. एकच सांगणं, त्या कारागिराला नव्यानं माप घेऊ देऊ नकोस. मी पाठवीन तो जोड समोर ठेवून हुबेहूब कर म्हणावं. माप घेण्याच्या फंदात पडू नकोस, उगाच पायाला त्रास.

ही तुला नमस्कार सांगते. आशीर्वाद असू दे.

तुझा,
धाकटा


दि. १६ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

दाढ गेली, बरं झालं. अक्कलदाढ असेल तर मात्र घात झाला, मुळात एकच होती.

तुझा निरोप त्या कारागिराला दिला. त्यानं साफ नाही म्हटलं. दुसऱ्याच्या मापावर तो काम करत नाही. माणसाला अनवाणी, दोन्ही पायांवर उभं करून, कमरेची रेघ बघून तो माप घेतो. बसल्या माणसाचा पाय खोटं बोलतो, असं त्याच्या गुरूनं त्याला शिकवलंय म्हणे. मला ऐकून हसू आलं, तुझे वस्तादही हेच म्हणायचे ना? मी त्याला ठणकावलं की माझ्या भावाच्या मापात खोट काढायला तुला सात जन्म घ्यावे लागतील.

खोटं नाही सांगत. तुझा हात वयाबरोबर सुधारत चाललाय. गेल्या सहा वर्षांतले तीन जोड म्हणजे कमालच. पूर्वी संध्याकाळी कंबर धरून भिंतीला टेकायची मी, आता बाजारातून पायी येते. हे आधी जमलं असतं तर वर्ग सुटला नसता, असं कधी कधी वाटतं. सेहेचाळिसाव्या वर्षी फळा सोडून ग्रंथालयाच्या खुर्चीत बसावं लागलं. पण डॉक्टरच म्हणाले होते, पाय जन्माचाच असा, कंबर दुखणारच. त्यात कुणाचा दोष? मुलं अजून रस्त्यात भेटतात, बाई म्हणून हाक मारतात. तेवढं पुरतं.

जोड लवकर पाठव. लोभ वाढला तर तक्रार नाही.

तुझी,
ताई


दि. २३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. आधीची तीन फाडली.

तुझ्या कमरेत दोष होता तो माझा. एकतीस वर्षांपूर्वी मी तुझं माप चुकीचं घेतलं. तुझ्या दोन पायांत फरक एक इंचाचा आहे. मी दीड धरला. अर्धा इंच जास्त, म्हणजे आमच्या भाषेत चार सूत. पंचवीस वर्षं तू डाव्या बाजूनं उचललेली चाललीस आणि आम्ही सगळे पायाला बोल लावत राहिलो.

मला कळलं सहा वर्षांपूर्वी. तू आमच्याकडे आली होतीस. स्वयंपाकघरात अनवाणी उभी राहून फळीवरची बरणी काढत होतीस. मी मागून पाहिलं. तुझी कंबर जोड्यांशिवाय जितकी वाकडी होती, जोडे घातल्यावर त्याच्या निम्मी उलट्या बाजूला जायची. हे कुठल्याही शिकाऊला दिसलं असतं. मला पंचवीस वर्षं दिसलं नाही, कारण तुझ्या पायाकडे मी कधी नीट पाहिलंच नाही.

तेव्हाच सांगायला हवं होतं. जीभ रेटली नाही. त्याऐवजी मी चोरासारखा दर जोडाला तळाचं एकेक सूत उतरवत गेलो, तुला कळू नये इतका. तीन उतरली. तू प्रत्येक वेळी कौतुकाचं पत्र लिहिलंस आणि मी ते हिलासुद्धा वाचायला दिलं नाही. एक सूत राहिलंय. या जोडात ते उतरवलं असतं की माप बरोबर झालं असतं आणि मी साळसूदपणे निघून गेलो असतो. बेत तोच होता. पण तू त्या कारागिराशी माझ्यासाठी भांडलीस, ते वाचलं आणि सुई बाजूला ठेवली.

तुझा वर्ग माझ्यामुळे गेला, ताई. याच्यापुढे काय लिहू?

मी


दि. २ एप्रिल

चि. धाकट्यास,

पत्र मिळालं. आठ दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर ते तुला जन्मभर पुरलं असतं. रोज सकाळी शाळेवरून चालत गेले आणि माझ्या जुन्या वर्गाच्या खिडकीखाली उभी राहून परत आले. रागावले आहे, हे तुला कळावं म्हणून लिहिते.

एकच विचारायचं आहे. वस्ताद प्रत्येकाला उभं करून माप घ्यायचे. तूही तेच शिकलास. त्या दिवशी मला का बसवलंस?

ताई


दि. ६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

हा प्रश्न तू विचारू नयेस म्हणून मी सहा वर्षं गप्प होतो. मापाची चूक कबूल करणं त्या मानानं सोपं होतं.

त्या दिवशी वस्ताद बाहेरगावी होते. मुलगा काय काम करतो ते बघायला हिचे वडील आणि काका अचानक दुकानात आले होते. पुढच्या खुर्च्यांवर बसले होते. आणि तू मागच्या दारानं आलीस. माप उभ्यानं घ्यायचं तर तुला पुढे उजेडात आणावं लागलं असतं, त्यांच्यासमोर अनवाणी. तू चार पावलं चालली असतीस. मुलाच्या घरात असा पाय आहे हे त्यांना दिसलं असतं. म्हणून मी मधला पडदा ओढला, तुला आत स्टुलावर बसवलं आणि घाईघाईनं फीत लावली. हिच्या वडिलांनी आत कोण आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, गिऱ्हाईक आहे.

मग तुला सांगितलं की पुढे ओलं चामडं पसरलंय, मागूनच जा. पुढे चामडं नव्हतं.

मला तुझी लाज वाटली होती. एवढा एकच शब्द आहे त्याला, दुसरा शोधून पाहिला. आणि लग्नात हिच्या वडिलांनी तुला पाहिलं तेव्हा स्वतःची खुर्ची उचलून आणून दिली. त्यांना काहीच वाटलं नव्हतं. वाटलं ते मला, तुझ्या सख्ख्या भावाला, ज्याला तू बोट धरून शाळेत नेत होतीस. त्याच पायानं.

साचे आणि जोड वेगळे पाठवतो. माफी मागत नाही, तेवढं तोंड उरलेलं नाही.

मी


दि. ११ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

माप चुकलंय हे मला खरंच माहीत नव्हतं. पडदा माहीत होता.

कापडाचा पडदा तो, त्यातून ऐकू न यायला काय झालं? गिऱ्हाईक आहे, हे मी ऐकलं. मागच्या दारानं निघाले, गल्ली वळून पुढे आले आणि काचेतून पाहिलं. चामडं नव्हतं. तुझ्या लग्नात मी हॉलभर उगाचच फेऱ्या मारत होते, आठवतं? मला तिथे काडीचं काम नव्हतं. सगळ्यांनी पाय नीट बघून घ्यावा, म्हणून चालत होते. तू घामाघूम झाला होतास, ते बघून मला फार बरं वाटलं. असा राग मीही जपला, तेव्हा अगदीच गरीब गाय समजू नकोस.

पण वर्गाचं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तो हिशेब मिटायला वेळ लागेल, कदाचित मिटणारही नाही. मिटला, असं खोटं लिहिणार नाही. तू तिकडून पत्रं लिहीत राहा, मी उत्तरं देत राहीन, मग बघू.

साचे आणि जोड पाठवू नकोस. एकवीस तारखेला तू दुकानात सगळ्यांना निरोपाला बोलावलं आहेस ना? मी येतेय. पुढच्या दारानं. तो पडदा अजून असेल तर काढून ठेव. यादीत हे एक लिहून घे.

ताई


दि. २७ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उद्या सकाळी निघायचं. यादीतलं सगळं झालं. किल्ली दिली, जिना कुठे करकरतो तेही सांगितलं. पडद्याचं कापड हिनं पुसायला घेतलं.

नवा जोड आणि साचे सोबतच्या पार्सलात आहेत. शेवटचं सूत उतरवलं. साचे त्या कारागिराला दे. त्यावर आजवर नुसता आकडा होता, भिंतीवर टांगलेलं कुणी वाचू नये म्हणून. आता शाईनं लिहिलंय, थोरली बहीण. खाली लिहिलंय, फरक एक इंच, माप उभ्यानं घेतलं. त्याला खोट काढता आली तर जरूर काढू दे.

त्या दिवशी दुकान भरलेलं होतं. तू जोडे काढून मधोमध उभी राहिलीस. नव्या मालकानं बिचाऱ्यानं सहज विचारलं की हे जुनं गिऱ्हाईक का. तू काही बोलायच्या आत मी सांगितलं, नाही, ही माझी थोरली बहीण. आवाज जरा मोठाच झाला असावा, कारण सगळे वळून बघू लागले. हिचे वडील मात्र नेहमीप्रमाणे खुर्ची शोधत होते. तू त्यांना बसूनच राहा म्हणालीस.

मग मी खाली बसलो आणि फीत लावली. तीनदा मोजलं. जोड्यांशिवाय तुझा तोल जातो, म्हणून तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास. माप घेऊन झालं, फीत गुंडाळून झाली, हिनं तुझे जोडे आणून पायात घातले, तू दोन्ही पायांवर सरळ उभी राहिलीस.

तरी हात काढला नाहीस. मी तसाच बसून राहिलो.

लोभ राहील की नाही, हे विचारत नाही. पत्र पाठवीत जा.

तुझा,
धाकटा