पेरूच्या आळ्यातला वैरी

प्रिय ताई,

तुला मारणाऱ्या जंतूचा मारेकरी सापडलाय. आज कॉलेजातल्या आमच्या मॅडमनीही ते मान्य केलं, म्हणून लगेच लिहायला बसलो.

तुझ्या पायाच्या पुवातून काढलेला तो जंतू मॅडमनी वाशीमच्या कॉलेजात, प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये जपून ठेवला होता. शिक्षण अर्धवट सोडलेला मी तिथेच मदतनीस. त्या फ्रीजचं दार रोज पुसायचो. माझी बहीण गेली आणि हा इथे गारव्यात सुखानं! किती जळायचो, सांगू?

सोयाबीन सोंगताना विळा लागला, तेव्हाच का नाही बोललीस? पाय सुजला तरी माझीच थट्टा! "तुले तं सगळीकडं जंतूच दिसते. हात धू धू झिजून जाशीन एक दिवस!" दवाखान्यातलं एकही औषध त्या जंतूवर चाललं नाही.

अनसिंगच्या आपल्या घरी पाण्याची ओढाताण. जखम धुतलेलं पाणीसुद्धा तू पेरूच्या आळ्यात ओतायचीस. मी ओरडलो की म्हणायचीस, "झाडाले काय होते रे? पाणी वाया कायले घालू?"

जंतूंना मारणारे विषाणू असतात, त्यांना फाज म्हणतात. जिथे जंतू, तिथल्याच मातीत ते शोधायचे, असं मॅडम शिकवतात. ते ऐकलं आणि मला तुझं आळं आठवलं.

तिथली माती पाण्यात ढवळली, बारीक गाळली. ते पाणी फ्रीजमधल्या त्या जंतूंत मिसळून बशीत पसरलं. दुसऱ्या दिवशी जंतूंच्या पांढुरक्या थराला स्वच्छ, गोल भोकं, तिथले जंतू मेलेले! मी मोठ्यानं हसलो, ताई.

मॅडम म्हणाल्या, "सूड घ्याचा तं घे, पण पुन्हा करून दाखव. एकदा आलेलं मी खरं मानत नाही."

केलं. पुन्हा पुन्हा केलं. तो फाज वेगळा काढला, वाढवला, किती उष्णता सोसतो ते पाहिलं. शेजारच्या बशांतल्या दुसऱ्या जंतूंना तो शिवतही नाही. फक्त याच्याच पेशीत शिरतो, आत वाढतो आणि फोडून बाहेर येतो. याहून चांगला वैरी कुठून आणला असता?

शोधणाऱ्यानं फाजला नाव द्यायचं असतं. मी तुझंच दिलं, 'सुजाता'. मुंगी दिसली तरी पाय उचलून टाकणारी तू, तुला आवडलं नसतं. नसू दे.

पण आज त्या भोकांत बारीक ठिपके उगवलेत. काही जंतू वाचलेत. मॅडम म्हणाल्या, हे होणारच.

होऊ दे. मी पुन्हा माती आणायला निघालोय. वाचलेल्यांचाही वैरी शोधीन, आणि त्याच्यातूनही जे वाचतील त्यांचाही. त्या जंतूनं तुला सोडलं नाही. मी त्याला सोडणार नाही, हा माझा शब्द.

तुझा धाकटा,
मिलिंद