तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

नॉर्डाल, मिनेसोटा
१२ फेब्रुवारी १९७४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण लिहायला बसलं की हात थांबतो. टकोमाला बर्फ नाही म्हणून तू खुशाल ऐट मिरव. इथे कालपासून मागचं दार उघडत नाही.

ऑक्टोबरात चर्चने आम्हाला तळघरातली खोली आणि टेलिफोन दिला, हे तुला कळवलंच होतं. पंचांनी आधी नाकं मुरडली. शेजाऱ्याला मदत करायला कार्यालय कशाला हवं, म्हणाले. पाळक लिंडवॉल यांनी एक हिवाळा करून तर बघू म्हणून रदबदली केली. आम्ही तेरा जण जमलो. कुणी म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेतं, कुणी किराणा पोचवतं, कुणी दारातला बर्फ उपसतं. तुझी मैत्रीण लव्हॉन पहिल्याच आठवड्यात एका आजींची कपाटं न विचारता आवरून आली आणि आजी चार दिवस चष्मा शोधत बसल्या. म्हणून मी नियम केला, की एकदा विचारायचं आणि नको म्हटलं तर मान राखायचा. मीच टंकून तो भिंतीवर लावला.

डेअरीच्या रस्त्यावरचे हाल्वर त्वेइत आठवतात ना? बायको गेल्यापासून एकटेच असतात. मधुमेह आहे, पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती. जानेवारीत मी त्यांना फोन करून विचारलं, दवाखान्यात नेऊ का. ते म्हणाले, छे छे, एवढ्या थंडीत तुला कशाला त्रास. मी त्यांच्या नावाच्या कार्डावर नको असं लिहिलं आणि फोन ठेवला. बारा दिवसांनी लव्हॉनचा नवरा सहज डोकावला, तेव्हा पाय काळा पडला होता. गुडघ्याखालून कापावा लागला.

ताई, हे माझ्यामुळे झालं. पाळक म्हणतात, तू विचारलंस, ते नको म्हणाले, तुझा दोष नाही. सगळे तेच म्हणतात आणि मला जास्तच लाज वाटते. रविवारी मी मागच्या बाकावर बसते. महिनाअखेर खोलीची चावी परत देणार आहे. मी सोडलं की बाकीचेही सोडतील आणि पंच म्हणतील, आम्ही सांगत होतोच. पण आता कुणाला फोन करायला बोट उचलत नाही.

तुझी,
आर्डिस


टकोमा
२० फेब्रुवारी

चि. आर्डिस हीस अनेक आशीर्वाद.

तुला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिणार नाही. चूक तुझीच आहे.

आपल्याकडे पाहुणा कॉफीला पहिल्यांदा नको म्हणतो, दुसऱ्यांदा नको नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा म्हणतो, बरं, अर्धा कपच दे. मग तीन कप रिचवतो. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणाऱ्याला आई हावरट म्हणायची. तुझं लग्नसुद्धा तिसऱ्या मागणीला ठरलं. आर्नल्ड पहिल्या नकाराचा मान राखून घरी गेला असता, तर आज माझ्या उरावर असतीस. हे सगळं माहीत असून तू भिंतीवर कुठला परका नियम लावलास?

पण चावी देऊन पाय परत येणार नाही. पाळकांकडून माफी घेऊ नकोस, ती त्यांच्या हातची नाही. हाल्वरांकडे जा. ते आधी उडवून लावतील. तेवढ्यावर समाधान मानून घरी परतू नकोस.

जेवत जा. आर्नल्डला विचारलं म्हणून सांग.

तुझी ताई,
व्हर्ना


नॉर्डाल
३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भिंतीवरचा कागद काढला. चावी अजून दिली नाही, द्यावी की नाही हे कालपर्यंत ठरत नव्हतं.

काल इस्पितळात गेले. सोबत बटाट्याच्या पोळ्या नेल्या होत्या. हाल्वर खिडकीशी बसले होते. मी म्हटलं, माझं चुकलं. ते म्हणाले, छे, तुझं कसलं चुकलं, यंदा बर्फच फार. थोड्या वेळाने पुन्हा म्हटलं. ते म्हणाले, जाऊ दे गं, एका पायाचा मोजा वाचला. मी हसले. खरं सांगते, तिथेच सुटल्यासारखं वाटलं. उठून पर्ससुद्धा घेतली होती. मग परत बसले आणि तिसऱ्यांदा म्हटलं, मला माफ करा.

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, आर्डिस, पाळकांनी सांगितलं होतं तू मंगळवारी फोन करणार म्हणून. मी सकाळीच दाढी करून, कोट घालून फोनपाशी बसलो होतो. तू पुन्हा फोन करशील म्हणून दुपारपर्यंत कोट काढला नाही.

मला रडू आवरलं नाही, आणि त्यांनीही मला गप्प केलं नाही. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. निघताना मात्र त्यांनी विचारलं, पंधरवड्याने घरी सोडतील, तेव्हा न्यायला कोण येणार. जन्मात कुणाकडे काही न मागितलेला माणूस, ताई, आपणहून विचारत होता. मी येते म्हणाले, पहिल्याच खेपेला.

रागावायचं असेल तर रागाव, पण पत्रं थांबवू नकोस. मनात जागा ठेव.

तुझी,
आर्डिस