दोन्ही मंडळांत

बुकित पंजांग,
२६ जानेवारी २००६

प्रिय निशिगंधा,

सप्रेम नमस्कार. तुझी पाठदुखी थांबली असेल. आम्ही ठीक. संजीवने सेलमधून पंखा आणलाय, तो नुसता खडखडतो. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

रविवारी तुझ्याकडे हळदीकुंकवाला आले ती थेट मेधाच्या हळदीकुंकवाहून, पार हार्बरफ्रंटहून. तू दारातच माझ्या कपाळाकडे पाहिलंस. "कुणाकडून लावून आलीस गं?" मी खरं ते सांगितलं. शहाणी असते तर वाटेत तोंड धुऊन आले असते. पण लावलेलं कुंकू मी माझ्याच हाताने पुसायचं? नाही झालं माझ्याच्याने.

मग तुझा तो आवाज, सगळ्याजणींसमोर! "आपल्या वसतिगृहाच्या माजी मुलींच्या इथल्या मंडळात अर्ज, आणि मुंबईच्या कॉलेजच्या मंडळातही? एकीला एकच मंडळ, हा नियम माहीत नव्हता? दोन्हीकडची वाणं गोळा करायचीत वाटतं!" क्षिप्रा तोंडाला पदर लावून हसली. वाण म्हणजे चहाची गाळणी, निशी. गाळणीसाठी मी एवढी वणवण करीन होय?

नियम माहीत होता. पण पुण्याच्या वसतिगृहात तीन वर्षं तुझ्याच खोलीत राहिले आणि एम.ए. मुंबईला, मेधाबरोबर केलं. दोन्ही माझीच ना?

आणि खरं कारण तुला ठाऊक आहे. क्षिप्रा बाळंत झाली तेव्हा मंडळाने महिनाभर आळीपाळीने डबे पोचवले. ऑक्टोबरमध्ये सातव्या महिन्यात माझं बाळ गेलं, तेव्हा मी तुला फोन केला. तू म्हणालीस, "डब्यांचं सभासदांपुरतंच असतं गं. तुझा अर्ज अजून मंजूर नाही." अगं, मी डबा कुठे मागत होते! तू ये म्हणत होते. तू आली नाहीस. पुढच्याच आठवड्यात मी मेधाच्या मंडळाचाही अर्ज भरला. कुठून तरी कुणीतरी येईल, एवढीच माझी हाव.

काल क्षिप्राने तुझा निरोप सांगितला: मेधाकडचा अर्ज मागे घे, सगळ्यांसमोर माफी माग, मग तुला घेऊ. मेधाही म्हणते, एक काय ते ठरव. संजीव म्हणतो, माग माफी, परदेशात माणसं लागतात. मी दोन्ही अर्ज मागे घेतलेत.

मुलगी होती. नाव आम्ही आधीच ठरवलं होतं. इतक्या दिवसांत तू विचारलं नाहीस. आता विचारलंस तरी सांगणार नाही.

एके काळी तुझीच,
अरुणा