पाणी कोणीही घालेल

४ जाने., रवि.
चर्चमध्ये उपासनेनंतर माझं शंका-समाधान (शं.स.), लोकांनी विचारायचं, मी सांगायचं. आज गर्दी बरी. बाळ येशूला बघायला आलेले मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक, तीनच होते का? शास्त्रात आकडा नाही, भेटी तीन म्हणून आपण माणसं तीन धरतो. एदेनातलं फळ सफरचंद होतं का? फळाचं नावच दिलेलं नाही. २५ डिसेंबर कुठे लिहिलाय? कुठेच नाही. लोक एकमेकांकडे बघत होते. मजा येते अशा वेळी, खोटं कशाला बोलू.

सुहास साळवेची बायको दर्शना पहिल्यांदाच बोलली. उरणकडच्या कोळ्यांची मुलगी, लग्नाआधी बाप्तिस्मा घेतला, एरवी मागच्या बाकावर गप्प. सातवा लागलाय. म्हणाली, "सर, शिष्य कोळीच व्हते ना? मग त्यांच्या बायका कुठं व्हत्या?" पेत्राच्या सासूचा ताप येशूने बरा केला तो भाग सांगितला. "सासू हाय म्हंजे बायको हायच," म्हणाली. सगळे हसले. पाळकसाहेब म्हणाले, सर, तुम्ही होता म्हणून हे चालतं.

घरी मार्था म्हणाली, "स्वारी खुशीत आहे." होतोच.

८ जाने., गुरु.
दर्शनाला काल अचानक कामोठ्याच्या हॉस्पिटलात न्यावं लागलं. मुलगी झाली. फार लवकर. काचेच्या पेटीत ठेवलीय. चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर प्रार्थना-विनंती आली. आमेन टाकलं. मार्था म्हणते जाऊन येऊ. शनिवारी पाहुणे आहेत, त्यानंतर बघू म्हटलं.

१० जाने., शनि.
मार्थाचा भाऊ सहकुटुंब पुण्याहून. सुरमई, सोलकढी. ऐन जेवणात सुहासचा फोन. बाळाचं खरं दिसत नाही, डॉक्टरांनी बोलावून सांगितलं. पाळकसाहेब सभेसाठी नगरला, फोन लागत नाही, उद्या सकाळी येतील. "सर, मी स्वतः बाप्तिस्मा दिला तर चालेल का?"

नाही म्हणालो. तो संस्कार आहे, दीक्षा झालेल्या पाळकाच्याच हातून व्हायला हवा. "पाणी कोणीही घालेल सुहास, पण पाणी घालणं म्हणजे बाप्तिस्मा नव्हे." उद्यापर्यंत धीर धर, प्रार्थना करत राहा म्हटलं. त्याने दोनदा विचारलं, "नक्की ना सर?" नक्की.

पाटावर परत बसलो तर मेहुणे म्हणाले, वाक्य छान होतं. मलाही आवडलं होतं. म्हणून लिहूनही ठेवतोय.

११ जाने., रवि.
बाळ पहाटे गेलं. पाळकसाहेब पोचले तेव्हा पेटी रिकामी होती.
शं.स. नाही आज.

१२ जाने., सोम.
दफन. एवढीशी पेटी, सुहासने एकट्यानेच उचलली. दर्शना अजून हॉस्पिटलात, तिला आणलं नाही. क्रूसावर नाव नाही, "साळवे यांची कन्या" एवढंच. नाव बाप्तिस्म्याच्या दिवशी ठेवायचं ठरलं होतं म्हणे.

परतताना पाळकसाहेबांच्या गाडीत पुढे बसलो. सहज बोलल्यासारखं म्हणाले, "सुहासला सांगायचं ना कोणीतरी, तूच दे म्हणून. अडीअडचणीला बाप्तिस्मा झालेला कोणीही देऊ शकतो. पाणी आणि पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव, झालं. आपल्या मंडळीत पूर्वीपासून आहे हे. तुम्हाला त्याचा फोन नव्हता आला?"

"आला होता, पण घाईत... वेळच मिळाला नाही बोलायला."

हे मी म्हणालो. उरण नाक्यावर सिग्नलला गाडी थांबली होती. खाली उतरून चालत जावंसं वाटलं. बसून राहिलो.

१४ जाने., बुध.
शेजारच्यांनी तिळगूळ आणून दिला. गोड बोला म्हणाल्या वहिनी.

पा.सा. गाडीत काय म्हणाले ते मार्थाला सोमवारीच सांगितलं होतं. आज भांडी पुसता पुसता म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात त्याला. मी वाढत होते तिथेच." मी म्हटलं, मला तसंच वाटत होतं. "वाटत होतं," म्हणाली. एवढंच.

आठवून बघितलं, हा नियम मी कुठे वाचला होता? कुठेच नाही. पस्तीसेक वर्षं वर्गात उभं राहिल्यावर प्रश्न आला की तोंड आपोआप उघडतं. खात्री आहे की नाही हे मागाहून...

१८ जाने., रवि.
घसा बसलाय सांगून शं.स. टाळणार होतो. पण पाळकसाहेबांनी सूचनेतच जाहीर केलं. योनाला गिळणारा मासा देवमासा होता का? मोठा मासा, एवढंच लिहिलंय. यहुदी लोक शनिवार पाळतात, आपण रविवार का? येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस. उत्तरं सगळी बरोबर होती. आवाजही नेहमीचाच निघाला, त्याची जास्त लाज वाटली.

सुहास आला होता. एकटाच. दर्शना माहेरी गेलीय. सगळे गेल्यावर आवारात चपला घालत असताना जवळ आला.

"सर, एक सांगायचं होतं. त्या रात्री वॉर्डात केरळची एक सिस्टर होती, आपल्यासारखीच ख्रिस्ती. म्हणाली, भैया, मी पाणी घालू का बाळाच्या डोक्यावर, प्रार्थना करते. वाटी पण आणली होती तिने. मी नको म्हटलं. म्हटलं, आमच्या सरांना विचारलंय, ते चालत नाही. बाळाच्या बाबतीत चुकीचं काही नको." मग म्हणाला, "बरोबर केलं ना मी?"

मी मान हलवली. हो अशी.

तो "थँक्यू सर" म्हणून गेला. थँक्यू म्हणाला.

१९ जाने., सोम.
वाटी आणली होती तिने.

२१ जाने., बुध.
पाळकसाहेबांकडे जाऊन सगळं सांगितलं. फोन, उत्तर, गाडीतलं खोटं, रविवारची मान. त्यांनी उठून दार लोटून घेतलं. रागावतील वाटलं होतं, बरं झालं असतं. मग म्हणाले, "बाळ देवाजवळ आहे, सर. त्याचं काही पाण्यावाचून अडत नाही. पण आता त्या पोरांना सांगून काय होणार? तुम्ही हलके व्हाल, ती दोघं जन्मभर ओझं वागवतील. राहू द्या."

त्यांचं चूक नाही. कदाचित बरोबरच असेल. पण टपाल नाक्यापर्यंत चालत आलो ते हलक्या पावलांनी. सुटलो असं वाटलं. दुकानात शिरून मार्थासाठी जिलबी घेतली. घराच्या दारात आल्यावर हातातला पुडा बघितला आणि... कामवाल्या मावशींना देऊन टाकला.

सुटलो म्हणे.

२५ जाने., रवि.
दर्शना आली. मागच्या बाकावर नाही, मध्ये. मला वाटलं बोलणार नाही. कुणीतरी ईस्टरआधीच्या उपासकाळाबद्दल विचारत होतं तेवढ्यात उभी राहिली.

"सर, माजं बाळ देवाजवळ हाय का नाय?"

आहे म्हटलं. येशूने लेकरांना जवळ घेतलं ते सांगितलं. दावीदाचं मूल गेलं तेव्हा तो काय म्हणाला तेही सांगितलं, की आपणच एक दिवस त्या मुलाकडे जाऊ. बोलताना चष्मा काढून पुसला, लोकांना वाटलं मला भरून आलंय.

"मग आमी पाळकाची वाट कशाला बघितली?"

सुहास तिचा हात ओढून खाली बसवत होता. त्याची नजर माझ्याकडे, म्हणजे सर सांगतील आता नीट. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि पीत राहिलो. शेवटी पा.सा. उठले, प्रार्थना घेतली.

मी आमेन मोठ्याने म्हटलं नाही. तेवढंही धैर्य म्हणून लिहून ठेवतोय की काय मी?

२६ जाने., सोम.
मार्थाला म्हटलं, पा.सा. नको म्हणाले. ती म्हणाली, "त्यांना विचारून उत्तर दिलं होतं का तेव्हा?"

२८ जाने., बुध.
जासईला गेलो. सुहास कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे. जेवणाच्या सुट्टीत गेटबाहेर बोलावलं. ट्रेलरची रांग, धूळ, चहाची टपरी. सर तुम्ही इकडे, म्हणून त्याने बाकडं रुमालाने पुसून दिलं. नको करूस असं म्हणता आलं नाही.

सांगितलं. तू देऊ शकला असतास. ती सिस्टरही देऊ शकली असती. मी चुकीचं सांगितलं, आणि त्या रविवारी परत मान हलवली.

त्याने चहा संपवला. कागदी कप चुरगळून हातातच ठेवला. मग: "तुम्हाला माहीत नव्हतं?"
"नाही."
"मग माहीत नाही म्हणायचं, सर."

"मी केरळच्या त्या बाईला हो म्हणालो असतो." आणि, "दोनदा विचारलं होतं मी तुम्हाला."

आतून त्याला हाक आली. जाताना म्हणाला, "दर्शनाला मी नाही सांगणार. माझ्याच्याने नाही होणार. तुम्ही या."

एस.टी.त बसल्यावर लक्षात आलं, क्षमा मागायची राहूनच गेली. सांगणं झालं, तेच क्षमेसारखं वाटलं होतं मला.

३१ जाने., शनि.
दर्शनाच्या माहेरी. मार्था म्हणाली येते, मी नको म्हटलं. अंगणात सुकत घातलेले बोंबील. तिची आई बाहेर आली. ख्रिस्ती नाही, मला ओळखत नाही. "दर्शना, तुजं चर्चचं सर आलं," म्हणून आत गेली. दर्शना पायरीवर बसली, मला खुर्ची दिली.

पहिल्यांदा क्षमा मागितली, मग कशाची ते सांगितलं. ऐकताना ती माझ्याकडे नाही, माझ्या पायांकडे बघत होती. रडली नाही.

"सुहासचा फोन आला तवा तुमी कुठं व्हता?"
"घरी."
"आजारी व्हता?"
"नाही. पाहुणे आले होते. जेवत होतो."
"घर कुठं तुमचं?"
सांगितलं. पनवेलात, तळ्याजवळ.
"हास्पिटल लांब नाय."
"नाही. रिक्षाने थोडाच वेळ."

मग तिने वर बघितलं. "नियम राहूं दे. चुकतो मानूस. पन तुमी जेवन टाकून का नाय आलात?"

इतके दिवस मी त्या एका उत्तराभोवती फिरत होतो. हे एकदाही मनात आलं नव्हतं. पाळकसाहेबांनी विचारलं नाही, मार्थाने नाही, मी स्वतःला नाही. बाप्तिस्मा झालेला कोणीही. म्हणजे मी. जाऊन नुसता उभा राहिलो असतो तरी.

म्हणालो, "याला उत्तर नाही माझ्याजवळ."

आईने चहा आणला. दर्शना म्हणाली, "पिऊन जा." स्वतः आत गेली. अंगणात एकटा बसून प्यायलो. टाकून जाणं बरं दिसलं नसतं, आणि पिणंही.

१ फेब्रु., रवि.
शं.स.च्या वेळी उभं राहून मंडळीला सांगितलं, तातडीच्या बाप्तिस्म्याचं मी चुकीचं सांगितलं होतं, बरोबर काय ते हे. साळवेंचं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं. एक-दोघे नंतर येऊन म्हणाले, सर, मोठं मन लागतं याला. त्यांना कसं सांगू, गप्प बसा म्हणून.

सुहास-दर्शना नव्हते. पा.सा. माझ्याशी नीट बोलले नाहीत. त्यांचं ऐकलं नाही मी. शं.स. आता दुसऱ्या कोणी घ्यावं असं सुचवलं, बघू म्हणाले.

८ फेब्रु., रवि.
दोघंही आले होते. उपासनेनंतर मी बाकं सरकवत होतो. शं.स. तूर्त बंद आहे. दर्शना आपणहून जवळ आली. सुहास दाराशीच थांबला, माझ्याकडे बघितलं नाही. पूर्वी लांबून हात करायचा.

म्हणाली, "क्रूसावर नाव घालायचं हाय. त्याला पाळक लागतो का?"

तोंड उघडलं होतं. मिटलं. म्हटलं, "मला वाटतं नाही लागत. पण मला नक्की माहीत नाही. पाळकसाहेबांना विचारून सांगतो."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, असं मला वाटतं. पण माझ्या 'मला वाटतं'ला आता किती किंमत?

"नका विचारूं," म्हणाली. "घालनारच हाय आमी. नाव ठेवलंय तिचं."

काय ठेवलं, विचारायला जीभ उचलली नाही. तिनेही सांगितलं नाही. दोघं गेली, बाइक सुरू झाल्याचा आवाज आला. मी उरलेली बाकं भिंतीला लावली.