हातावरचं कोमट पाणी

विनिपेग, एप्रिल १९३१

बाबा, एकशेवीस वर्षं जगा!

मी बरा आहे, कोट उबदार आहे. आईचा खोकला थांबला का?

वल्हांडणाचा सण काल संपला. आपण पुजारी घराण्यातले, म्हणून सणाचा आशीर्वाद देणं इथंही माझ्याकडेच. पण इथले ज्यू लोक शब्बाथला, विश्रांतीच्या पवित्र दिवशीही, दुकानं उघडतात, प्रार्थनेत गप्पा मारतात. मला त्यांचा राग येतो. आणि मनात प्रेम नसेल तर आशीर्वाद देऊ नये, हे तुम्हीच शिकवलंत. म्हणून ऐन वेळी मी प्रार्थनागृहाबाहेर जाऊन उभा राहिलो.

आशीर्वादाआधी माझे हात धुणारा, लेवी कुळातला फायविशही त्या दुकानवाल्यांपैकीच. तो तांब्या घेऊन मागोमाग आला.

"भांडण देवाशी आहे की आमच्याशी?"

"तुमच्याशी."

"मग हात पुढे कर. थंडीनं बोटं फुटलीयत तुझी, म्हणून पाणी कोमट करून आणलंय."

मी आत गेलो. 'लोकांना प्रेमानं आशीर्वाद द्या' ही आज्ञा म्हणताना 'प्रेमानं' या शब्दापाशी आवाज अडला, मग निघाला.

बाबा, हात धुतल्यावर तुम्हीही नेहमी दाराशी जरा वेळ थांबायचात. मला वाटायचं, हात सुकवताय.

तुमचाच,
झेलिग