मिसरच्या काचा

१ ऑक्टोबर १९६३, मंगळवार. दोहा.
आजपासून रोज लिहायचं. खरं तेवढंच.
ऑफिसात नकाशे काढणारा महमूद दहा दिवस साइटवर गेला. एक पेटी माझ्या स्टोअरमध्ये ठेवून गेला. मिसरच्या जुन्या देवळांचे फोटो. त्याचे आजोबा एका गोऱ्या फोटोग्राफरचं सामान उंटावरून न्यायचे, त्यानेच दिलेली. आता तिकडच्या नव्या धरणाच्या पाण्यात महमूदचं गाव जाणार, शेजारचं देऊळही. म्हणाला, "नझीफ, वली, नझीफ." म्हणजे स्वच्छ ठेव. माणसाची पारख आहे त्याला.

२ ऑक्टोबर
पेटीत फोटो नाहीत. सहा काचा, काजळी धरलेल्या. फ्रेमच्या असणार. गावच्या मशिदीतल्या कंदिलांच्या काचा बारा वर्षं मी राखेने घासल्या. इथे सगळीकडे स्टोव्ह. रोटीवाल्या इराण्याच्या तंदूरमधून वाटीभर राख आणली. बिस्मिल्ला म्हणून एक काच घासली. आरपार दिसू लागली. राख संपली. बाकीच्या उद्या. महमूद खूश होईल.

३ ऑक्टोबर
खोलीतल्या नसरुद्दीनने दुसरी काच खिडकीशी धरली. म्हणाला, वलीभाई, यात देऊळ आहे. पाचही काचांत देवळं. फोटो काचेवरच होते.
"सहावं वाटीत असेल बघा," म्हणाला.
चूक तशी महमूदची. फोटो कागदावर असतो. आमच्या गावात कोणालाही विचारा.

४ ऑक्टोबर, जुम्मा
नमाजात विचार आला, मूर्तींची चित्रं पुसली, सवाबच झाला, पुण्यच. खोलीवर येईपर्यंत त्या विचाराचीच शरम वाटली. महमूद आला की सलामाआधी सांगायचं. ठरलं.

१२ ऑक्टोबर
महमूद आला. सलाम झाला, चहा झाला. दमलेला दिसला. उद्या नक्की. त्याने पेटी नेली तेव्हा मी मागे खिळे मोजत होतो. मोजायचेच होते.

१३ ऑक्टोबर
महमूदने बोलावलं. कोरी काच उजेडाला धरून बसला होता. हिच्यात खांबाशी आजोबा उभे होते, म्हणाला. खांबाची उंची कळावी म्हणून गोऱ्याने उभे केलेले. त्यांचा दुसरा फोटो नाही.
सांगणार होतो. राखेला अरबी शब्द आठवेना.
मग तोच ऑफिसात शिकलेल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, वाटेत उन्हाने उडाला असेल, पेटी उघड्या ट्रकमधून आणली, गलती मेरी. डोळे पुसले. माझा हात हातात घेतला.
"शुक्रन, वली. तूने बहुत नझीफ रखा."
मी म्हणालो, असू दे.